सुभद्रेचे म्हणणे

थळ घाट चढून गाडी इगतपुरीस टेकली आणि पुन्हा चालू लागली, की थोडक्याच वेळात घोटी येते. एका अंगास कळसूबाईची रांग, भोवताली भाताची खाचरे, गावातून गेलेला मुंबई-आग्रा रस्ता आणि बाजारात तांदळाच्या गिरण्या, असे हे नाशिक जिल्ह्यातील गाव. मोठ्या मेलगाड्या येथे थांबत नाहीत. कसाऱ्याहून इगतपुरीस येणारा घाटातील लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. तेव्हापासून मुंबईचा मुक्काम आटोपून नाशिक, खानदेश किंवा वऱ्हाड गाठणाऱ्या नाटक मंडळ्या आपले पडदे, पेट्या आणि नटवर्ग घेऊन ह्याच रुळांवरून जात. किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ ह्या वाटेने घोटीवरून गेलेले आहे, एवढे नाते ह्या लेखापुरते त्या गावास पुरे आहे.

गेल्या श्रावणात आम्ही आमच्या मावशींकडे घोटीस चार दिवस राहिलो होतो. पाऊस असा, की ओसरीवरून समोरचे घर दिसू नये. वीज गेली होती, त्यामुळे दूरचित्रवाणी बंद पडली, आणि मावशींच्या नातीने आपल्या भ्रमणध्वनीवर ‘सौभद्रा’चे एक जुने ध्वनिमुद्रण लावले. ही मुलगी नाशकास महाविद्यालयात शिकते. आदल्या दिवसापर्यंत ती हाँगकाँगकडील कँटनी भाषेतल्या, एका राजकन्येच्या लग्नावर रचलेल्या विनोदी मालिकेत गढून गेली होती, आणि “आपल्याकडे असं काही नाही का?” असे तिने विचारल्यावरून आम्हीच ‘सौभद्रा’चे नाव सुचविले होते. दोन अंक शांतपणे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “काका, ह्या सगळ्यांत सुभद्रेला कुणी विचारलंय का? दुर्योधन बलरामदादाने ठरवला. अर्जुनाचं कृष्णाने जमवलं.” आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच मावशी वाती वळता वळता म्हणाल्या, “विचारलं नाही, हे खरं. पण तिनं सांगितलं होतं ना! सगळ्यांना सांगून झालं तिचं. गाणं नीट ऐक.”

आम्ही घरी परतल्यावर जुने ग्रंथ काढून बसलो, ते ह्या दोन उद्गारांमुळे.

सुभद्रेच्या लग्नाची कथा प्रथम महाभारताच्या आदिपर्वात येते. द्रौपदी व युधिष्ठिर एकांतात असता अर्जुनाने तेथे प्रवेश केला. एका ब्राह्मणाच्या गाई चोरांनी नेल्या होत्या व शस्त्रे आत होती, असे त्यास कारण होते, तथापि भावांनी आपसांत केलेला नियम मोडलाच. त्यासाठी पत्करलेल्या बारा वर्षांच्या वनवासात तो फिरत फिरत प्रभासास आला, कृष्णास भेटला, आणि रैवतक पर्वतावरील उत्सवात सुभद्रेस पाहून मोहित झाला. येथे कृष्णाने दिलेला सल्ला मुळातून पाहण्याजोगा आहे. स्वयंवर हा क्षत्रियांचा मार्ग खरा, पण त्याचा भरवसा काय? मनाचा कल कोणीकडे जाईल हे सांगता येत नाही. तेव्हा सरळ हरण करावे, असे तो म्हणतो. ह्यावर युधिष्ठिराची अनुज्ञा आणण्यासाठी इंद्रप्रस्थास जलद दूत धाडण्यात आले. इंद्रप्रस्थ द्वारकेहून किती लांब! तेवढ्या लांबच्या वडील भावाची संमती घेण्याइतकी दक्षता बाळगणाऱ्या त्या दोघा मित्रांपैकी एकालाही रैवतकावर दोन पावले चालून त्या मुलीशी एक शब्द बोलावा, असे सुचले नाही.

हरण झाले, यादवांची सभा खवळली, बलराम संतापला. त्या वेळी कृष्णाने केलेल्या भाषणात एक विलक्षण वाक्य आहे. जनावर दान द्यावे तशी कन्या देणे कोणास मान्य होईल, आणि स्वतःचे अपत्य विकणारा पुरुष ह्या जगात कोण असेल, असा त्याचा आशय. हे वाक्य एखाद्या सुधारकाच्या तोंडी सहज शोभले असते. परंतु ते उच्चारले गेले आहे ते मुलीस न विचारता रथात घालून नेल्याच्या समर्थनार्थ! महाभारतकारांची ही धार हेतुपुरस्सर आहे की नाही, हा वाद विद्वानांनी घालावा. आम्हांस ती जाणवली, एवढे नमूद करितो.

पुढे भागवताच्या दशम स्कंधातील शहाऐंशीव्या अध्यायात हीच कथा निराळी होऊन येते. बलराम सुभद्रा दुर्योधनास देणार आहे, इतरांच्या मनात मात्र तसे नाही, हे कानी येताच अर्जुन त्रिदंडी संन्याशाचा वेष घेतो आणि पावसाळ्याचे महिने द्वारकेत काढतो. भोळा बलराम त्यास ओळखत नाही. उलट आपल्याच घरी भिक्षेस बोलावितो. तेथे दोघांची नजरानजर होते. सुभद्रा लाजते, हसते, मनाने त्यास वरते. आणि देवयात्रेस निघालेल्या तिला तो आईबापांच्या व कृष्णाच्या संमतीने घेऊन जातो. म्हणजे येथे मुलीस मन आले. वाणी अद्याप आलेली नाही.

ती वाणी तिला मराठी रंगभूमीवर किती मोकळी मिळाली, हे पाहावयाचे तर १८८२ साली पुण्यास यावे लागते. कर्नाटकातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) हे सरकारी महसूल खात्यातील नोकर. दोन वर्षांपूर्वी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, त्यांनी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठी पदांसह रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा पाया घातला होता. पण ते नाटक भाषांतरित. स्वतंत्र रचनेचा मान ‘सौभद्रा’चा. त्याचा पहिला प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यास पूर्णानंद नाटकगृहात झाला, आणि तोही पहिल्या तीन अंकांचाच. पाचही अंक पुरे होण्यास पुढचे वर्ष उजाडावे लागले. अर्जुनाच्या भूमिकेत मोरोबा वाघोलीकर उभे राहिले, आणि सुभद्रा झाले भाऊराव कोल्हटकर. भाऊराव बडोद्याहून त्याच वर्षी मंडळीत दाखल झालेले, वय एकोणीस. त्यांच्या गळ्याची कीर्ती आमच्या आजोबांच्या पिढीने सांगून सांगून अशी वाढविली, की ऐकणाऱ्यास हेवा वाटावा.

नाटकातील कारस्थाने वाचकांस पाठ असतील, म्हणून विस्तार करीत नाही. घटोत्कचाकरवी सुभद्रेस रानात नेऊन अर्जुनाची व तिची गाठ घालणे, अर्जुनास यती करून रैवतकावर बसविणे, बलरामाची त्या यतीवर श्रद्धा जडविणे, आणि अखेर “आमच्या बहिणीने आपली सेवा करावी” असा हुकूम खुद्द बलरामाच्याच तोंडून वदविणे, ही सर्व सूत्रे कृष्णाच्या हाती आहेत. मध्ये रुक्मिणीचा रुसवा व त्याची समजूत हा प्रवेश येतो. कथेच्या दृष्टीने तो नसता तरी चालले असते. पण तो नसता तर निम्मा प्रेक्षक नाटकास आला नसता, असे आम्हांस वाटते.

आमच्या मावशींनी ज्या गाण्याकडे बोट दाखविले, ते दुर्योधनाशी लग्न ठरल्यावर सुभद्रा गाते ते. शरण तरी कोणास जावे, हा तिचा प्रश्न. आप्त, बंधू, बांधव ह्यांस मनीचे दुःख सांगून विनविले, आणि ते सारे व्यर्थ गेले, असे ती त्यात स्पष्ट म्हणते. हे पद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यातील आर्तता, चाल, गायकांनी घेतलेल्या जागा ह्यांवर तासन्‌तास बोललो. त्यातील विधान मात्र आमच्या कानावरून गेले. विधान साधे आहे. मुलीने घरात सांगितले. घराने ऐकले नाही. महाभारतातील सुभद्रेच्या मनाचा ठाव कोणी घेतला नाही. भागवतातील सुभद्रा नजरेने बोलली. किर्लोस्करांची सुभद्रा तोंडाने बोलते, तेही एकांतात उसासा टाकून थांबत नाही, तर आपण आधीच सर्वांस सांगितल्याची नोंद करून ठेविते. पुराणकथेत ही भर किर्लोस्करांची, आणि आमच्या मते ती त्यांच्या सर्व पदांच्या माधुर्याहून मोठी आहे.

मग नाटक शोकांत का होत नाही? कारण किर्लोस्करांनी ते बोलणे बलरामापुढे कधीच खटल्यासारखे उभे केले नाही. बलराम दुष्ट नाही. तो तापट, सरळ, वचनाचा पक्का आणि साधुसंतांपुढे विरघळणारा आहे. असा वडील भाऊ त्या काळी प्रत्येक वाड्यात एक तरी असे. त्यास “नाही” असे कोणी तोंडावर म्हणत नाही. त्याच्या संमतीचा रस्ता मात्र असा वळवून घेतात, की आपल्या मर्जीने चालत असताना तो दुसऱ्यांच्या मुक्कामी पोचतो. त्याची वडीलकी जशीच्या तशी राहते, आणि मुलीच्या मनासारखेही होते. प्रेक्षक हसतो तो ह्या दुहेरी सोयीला. किर्लोस्कर स्वतः साहेबाच्या कचेरीत खर्डेघाशी केलेले; वरिष्ठाचा रोष न ओढविता आपले काम त्याच्याच सहीने करून घेण्याची कला महसूल खात्यात बसलेल्या माणसास पुराणांतून शिकावी लागत नसेल!

खऱ्या राजविवाहांत असल्या गंमतीस जागा नव्हती. पुण्यास १७८३ साली सवाई माधवरावांचे लग्न लागले तेव्हा श्रीमंतांचे वय नऊ वर्षांचे होते. सोहळ्याचा थाट नाना फडणिसांच्या देखरेखीखाली, आणि राज्याचा गाडाही त्यांच्याच हाती. नाशकानजीक गंगापुरास राहिलेल्या गोपिकाबाईंनी ह्या नातवास पहाटेपासून रात्रीपर्यंत कसे वागावे ह्याविषयी लिहून पाठविलेला उपदेश इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. त्यात आजीची माया आहे व दौलतीची काळजीही आहे. पण ज्या घराण्यात मुलगाच नऊ वर्षांचा, तेथे वधूचे मन कोणी कोठे शोधावे? राजविवाह हा तहासारखा एक कागद. रंगभूमीवर आला तेव्हाच त्यास माणसांचे चेहरे मिळाले.

आमच्या मावशींच्या नातीने पाहिलेल्या त्या मालिकेच्या मुळाशीही इतिहासातील एक राजविवाह आहे, हे तिच्याच सांगण्यावरून आमच्या ध्यानात आले. चीनमध्ये तांग घराण्याच्या काळी सम्राट डायझोंग ह्याने आपली कन्या, शेंगपिंगची राजकुमारी, बंडाळी मोडून गादी राखणारा सेनापती गुओ झीयी ह्याच्या मुलास दिली होती. पतिपत्नींचे भांडण जुंपले, तेव्हा जावई रागाच्या भरात बोलून गेला, की तुझा बाप सम्राट म्हणून तुला एवढा तोरा. माझ्या बापाने ती गादी नको म्हटली म्हणून ती तुझ्या बापास राहिली. हा तर उघड राजद्रोह. मुलगी तडक माहेरी गेली. सेनापतीने मुलास कैदेत टाकले आणि स्वतः दरबारात हजर झाला. सम्राटाने मात्र, थोडे वेडे आणि थोडे बहिरे झाल्याखेरीज घरातला वडील होता येत नाही, अशा अर्थाची लोकोक्ती सांगून सारे हसण्यावारी नेले. ही हकीकत इसवी सन ७६७ मधील म्हणून चिनी बखरीत आहे. तिच्यावर कँटनी रंगभूमीने जे लोकप्रिय नाटक रचले, त्यात जावई राजकुमारीवर हातही उगारतो. बखरीत केवळ शब्द आहेत. आम्हांस गंमत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. चिनी वडील जाणूनबुजून बहिरे होतात. आमच्या बलरामास दुसऱ्यांनी आंधळे करावे लागते. राजघराण्यातल्या लग्नाचे हसू व्हावयाचे तर वडिलांचे एखादे इंद्रिय बंद पडलेच पाहिजे, असे दोन्ही देशांच्या नाटककारांना वाटलेले दिसते.

आता ते इंद्रिय उघडे असले म्हणजे काय होते, हे पुण्यामुंबईच्या लोकांस ‘सौभद्र’ ऐन भरात असतानाच पाहावयास मिळाले. १८८२ हे वर्षच मोठे चमत्कारिक. ह्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा जळजळीत निबंध प्रसिद्ध झाला, आणि ह्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यास येऊन आर्य महिला समाज स्थापिला. आणखी दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईच्या उच्च न्यायालयात एक दावा दाखल झाला. रखमाबाई ही सुतार ज्ञातीतील मुलगी. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले होते. ती माहेरीच वाढली, शिकली, आणि मोठेपणी, ज्या लग्नास मी संमती दिली नाही ते मला मान्य नाही, असे म्हणून नांदावयास जाण्याचे नाकारू लागली. पती दादाजी भिकाजी ह्याने फिर्याद केली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. आणि मार्च १८८७ मध्ये नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तिने तुरुंग पसंत असल्याचे कळविले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन ते प्रकरण मिटले. पुढे ती विलायतेस गेली, डॉक्टर झाली, सुरत व राजकोट येथे तिने स्त्रियांच्या इस्पितळांतून दीर्घकाळ काम केले, आणि १९५५ साली ती वारली.

ह्या खटल्याने सुशिक्षित समाजात केवढी खळबळ उडविली, ते जुनी पत्रे चाळणाऱ्यास कळेल. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाची लेखणीही तिच्याविरुद्धच चालली. शास्त्र बुडाले, कुटुंबसंस्था ढासळली, परक्या सरकारने घरात हात घातला, असा एकच गिल्ला झाला. ह्यातील शेवटच्या आक्षेपात काही तथ्य होते, असे आम्हीही म्हणू; पारतंत्र्यात सुधारणेवर सुद्धा परक्याचा शिक्का बसतो, हे दुःख खोटे नव्हते. परंतु एक गोष्ट मनातून जात नाही. ह्या गिल्ल्यात सामील असलेली किती तरी मंडळी रात्री नाटकगृहात जाऊन, बलरामाने ठरविलेले लग्न मोडण्यासाठी कृष्ण रचीत असलेल्या कपटास टाळ्या देत असली पाहिजेत. सुभद्रेच्या पदास ‘वन्समोअर’ देणारे हात आणि रखमाबाईस दूषण देणारे हात निरनिराळ्या माणसांचे होते, असे समजण्यास आम्हांस आधार दिसत नाही.

ह्यात ढोंग होते काय? आम्ही तो शब्द वापरणार नाही. त्या माणसांचे डोळे सुभद्रेसाठी खरोखरच पाणावत. परंतु सुभद्रा राजकन्या होती, द्वापरयुगातील होती, तिचा पाठीराखा साक्षात परमेश्वर होता, आणि तिचा हुंदका भाऊराव कोल्हटकर नावाच्या तरुण पुरुषाच्या गळ्यातून येत होता. रडण्यास इतकी सुरक्षित जागा दुसरी कोठे मिळणार? रखमाबाईपाशी ह्यातले काहीच नव्हते. तिच्यासाठी कोणी यती झाला नाही, कोणी घटोत्कच धाडला नाही. तिने बलरामाच्या तोंडावर “नाही” म्हटले, आणि त्या एका शब्दासरशी विनोदी नाटकाचा खटला झाला.

किर्लोस्करांच्या मंडळीतच वावरलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ आणून हा प्रश्न द्वारकेतून उचलून भिक्षुकाच्या ओसरीवर ठेविला. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्यास देऊ करितो. आदिपर्वातील कृष्णाने विचारले होते, की अपत्य विकणारा कोण असेल. देवलांनी तो माणूस नावगावासकट दाखविला. पण त्यांनाही ते लग्न मुलीच्या नकारावर मोडता आले नाही. ते मोडते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे! शास्त्राचा अडसर शास्त्रानेच काढावा लागला. ह्या बाबतीत देवलांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या प्रेक्षकांपुढे दुसरा तोडगा टिकला असता का, हे दोष देणाऱ्याने आधी सांगावे. ह्याच ‘शारदे’चा प्रयोग नाशकास विजयानंद नाटकगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन ह्यांच्या सन्मानार्थ योजिला होता, आणि तेथेच अनंत कान्हेऱ्यांनी त्यांजवर गोळ्या झाडल्या. त्या रात्रीचा इतिहास निराळ्या प्रकरणाचा असल्यामुळे येथे एवढाच उल्लेख पुरे. बालविवाहास आळा घालणारा कायदा १९२९ साली झाला, त्यास हरविलास सारडा ह्यांचे नाव लागले. आमच्याकडील पुष्कळ लोकांनी मात्र तो देवलांच्या शारदेचाच मानला, आणि हा घोटाळा कोणी दुरुस्त करू नये असे आम्हांस वाटते.

हे सर्व वाचून झाल्यावर दिवाळीनंतर आम्ही पुन्हा घोटीस गेलो. भाताची कापणी उरकली होती, खळ्यावर पेंढ्यांचे ढीग पडले होते, आणि बाजारात नव्या तांदळाचा वास सुटला होता. आम्ही जमविलेली हकीकत मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. मावशींनी रखमाबाईचा भाग दोनदा सांगावयास लावला. तुरुंगात जाईन असे ती खरेच म्हणाली का, हे त्यांस पुन्हा विचारून घ्यावयाचे होते. नातीचे लक्ष आमच्यापेक्षा आजीकडे अधिक होते. तिने मध्येच विचारले, “आजी, तुला विचारलं होतं का गं?”

मावशींना लग्न होऊन ह्या घरी येऊन पाच तपे उलटून गेली आहेत. त्या निवडायला घेतलेल्या तांदळातून मान वर न काढता म्हणाल्या, “मला? गाडी स्टेशनात शिरली तेव्हा पाटीवर वाचलं मी, घोटी. तोपर्यंत गावाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.” मग सुपातला एक खडा बाजूला टाकून त्यांनी नातीस सांगितले, “लाव बघू ते पुन्हा. पहिल्यापासून लाव.”